लॅपटॉपातले बिनबोलावलेले बिऱ्हाडकरू

२९ ऑक्टो. २०११, कळंब

अवि सकाळच्या गाडीने पुण्याला गेला. चार दिवस मुलगा घरी होता, घर बोलत होते. आता भिंतीवरचे घड्याळ तेवढे बोलते.

जाताना नवा लॅपटॉप ठेवून गेला. "बाबा, कोरा आहे. अनुसयाबाईंचं गाणं यात घ्या. हे लाल बटण दाबलं की झालं."

कोरा कसला! आम्ही शाळेत नवी पाटी घ्यायचो. काळीभोर, ओल्या मातीसारखी. पहिलं अक्षर आपलं. आणि हे यंत्र उघडावे तर आत आधीच माणसे बसलेली. एक पहारेकरी आहे, दर घडीला सांगतो की तुम्ही धोक्यात आहात. एक पत्ते खेळायला बोलावतो. एक गाणी विकतो. एक कोपऱ्यात कुठल्याशा परदेशी गावचे हवामान दाखवतो, तिथे म्हणे बर्फ पडतो आहे. इकडे आमच्या अंगणात कापूस वाळतो आहे!

मी कुणाला बोलावले नव्हते. घरात पाऊल टाकताच कुणीतरी आपल्या ताटातले उष्टे करून ठेवावे, तशी शिसारी आली. झाकण मिटून ठेवले.

३० ऑक्टो.

अ.बाईकडे जाऊन आलो. अनुसया, माझी चौथीपर्यंतची वर्गसोबतीण. घशात गाठ. डॉ. म्हणतात ऑपरेशन टाळता येत नाही, आणि नंतर आवाज राहील याची हमी देता येत नाही. पुढच्या पंधरवड्यात लेक मिलिंद नागपूरला घेऊन जाणार.

त्याआधी आमच्या शाळेतल्या गुरुजींची कापसाची कविता तिच्या गळ्यातून काढून घ्यायची. कुठे छापलेली नाही. गुरुजींनीच रचली, त्यांनीच चाल लावली. शब्द मी केव्हाच उतरवून घेतले आहेत,

उकलले बोंड, उजळले रान,
दिवसा पडले भुई चांदणे

पण चाल कागदावर उतरत नाही, आणि माझ्या गळ्यात ती कधी बसलीच नाही. गुरुजी तिला पुढच्या ओळीत बसवून म्हणायला लावत. तिला पुढे बसवले म्हणून दोघातिघांनी आपली पोरे शाळेतून काढली होती. गुरुजींनी चाल थोडी उंच केली, म्हणजे बाहेर उभे असणाऱ्यांनाही ऐकू जाईल. आता ती चाल येणारी ती एकटी.

म्हणाली, "मी का रेडू हाओ का रे मनोहर, बटन दाबलं का वाजाले?"

"रेडिओपेक्षा बरी आहेस."

"थो तरी बॅटरीवर चालते. माही बॅटरी संपत आली बावा." हसली, मग बराच वेळ खोकली.

१ नोव्हें.

पहिला प्रयत्न. तिच्या घरी. पुतण्याने पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, भाव नाही म्हणून विकायला मन होत नाही. आम्ही दाराजवळ जेमतेम बसलो. लाल बटण. म्हणाली ती अशी म्हणाली की… सातव्या वर्षीचा वर्ग, खिडकीतला निंब, गुरुजींची छडी टेबलावर ताल धरणारी. सगळे जागेवर.

मग लावून ऐकले. विहिरीत तोंड घालून कुणी दूरवर पुटपुटावे तसा आवाज. आणि मध्येच ठण्! पहारेकऱ्याची धोक्याची घंटा. ऐन 'चांदणे'वर.

अ.बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "हे कोन रे मंधात?"

लाज वाटली. जणू माझ्याच घरचा कुणी दारू पिऊन तिच्या दारी ओरडला.

३ नोव्हें.

अविला फोन. माझा तर्क सांगितला, ही गर्दीच आवाज खाते. तो म्हणाला, "खात नसावी बाबा. पण नको असेल तर काढा की." कंट्रोल पॅनेल, मग यादी, मग अनइन्स्टॉल. सगळे लिहून घेतले.

यादी उघडून पाहिली. लाल्या रोग आलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचे पान उलटे करून पाहावे तसे. पत्तेवाला काढला. जाताना विचारतो, 'खरंच काढायचे? तुम्ही का सोडून चाललात?' मी कुठे चाललो? माझे घर आहे! गाणीवाला काढला, त्याने जाता जाता दारात आपल्या धाकट्या भावाला बसवले. कुठल्याशा खिडकीत शोधपट्टी आली. ती काढली.

शेजारचा सुधाकर कापूस पाहून परतताना डोकावला. त्याला दाखवले. तो लगेच म्हणाला, "काका, हे तं लिंकिंग झालं."

खरेच. औंदा खताच्या दुकानात त्याला डी.ए.पी. पाहिजे होते, तर दुकानदार म्हणे सोबत ही बाटली घ्यावीच लागेल. कसली? 'टॉनिक हाय, पिकाले चांगलं.' बाटली अजून त्याच्या गोठ्यात पडून आहे, बैलही तिच्याकडे पाहत नाही.

"तुमच्या ह्याले बाटल्या लय देल्ल्या," सुधाकर म्हणाला. "आन् झाकनं उघडीच."

४ नोव्हें.

पहारेकरी जात नाही. काढला, लॅपटॉप बंद करून सुरू केला, परत हजर. 'तुमचा ट्रायल काळ संपत आला आहे.' अरे, तुझा संपत आला आहे! मी तुला ठेवला होता का? किळस, किळस. आज जेवताना सौ.ला म्हणालो, जगात निलाजरेपणा किती वाढला. ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी पडलं का?"

संध्याकाळी कवितेचे तिसरे कडवे गुणगुणून पाहिले. चाल निसटते. ओल्या मातीवर पाय ठेवावा आणि…

६ नोव्हें.

दुसरा प्रयत्न, या खेपेला आमच्याकडे. मला वाटले, तिच्या खोलीतला कापूसही आवाज पीत असेल. मिलिंदच्या बायकोने स्कूटरवर आणून सोडली. सौ.ने गुळाचा चहा दिला. घसा शेकून घेऊन अ.बाई पुन्हा सगळी कविता म्हणाली. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, थांबली नाही.

तीच विहीर. तीच पुटपुट. कान लावला तर शब्द कळतात, पण तिच्या आवाजात जी धार आहे ती कुठे गेली?

"पुन्हा एकदा म्हणू का?" तिने विचारले. तिच्या मानेवरची शीर ताठलेली दिसत होती. मी नाही म्हणालो.

जाताना सौ.ला म्हणाली, "रोज रोज न्हाई निंघत आता, वैनी. जेवढा हाय तेवढा हाय."

त्या वाक्याने दिवस नासला. ही कंपनीची पिलावळ तिचा उरलासुरला आवाज गिळून बसली आहे आणि मी एकेकाला हात जोडून बाहेर काढतो आहे. उद्या सगळेच काढतो.

७ नोव्हें.

ओळखीचे नाव नाही ते सर्व काढले. निंदणाला बसल्यासारखा बसलो. तण म्हणजे तण, पान पाहत बसायचे नाही. यादी आखडत गेली तसा जीव हलका होत गेला. पहारेकरीही गेला! दुसऱ्यांदा सुरू केल्यावरही आला नाही. किती दिवसांनी स्वच्छ पडदा. पाटीच.

दुपारी अ.बाईची कविता लावली. शांतता. वाढवा आवाज, शांतता. फोनवर अवि: "बाबा, आवाजाचं सॉफ्टवेअरही काढलंत. ते कंपनीचंच असतं."

"मग सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

म्हणजे तण उपटता उपटता पीक उपटले. कंपनीने दोन्ही एकाच रंगाची नावे ठेवली आहेत. चांगल्याला चांगले म्हणून ओळखू यावे, एवढी साधी माणुसकी नाही.

८ नोव्हें.

अविने उपाय सांगितला, फॅक्टरीतून निघाला तसा करून टाकायचा. म्हणाला, "आतलं सगळं पुसलं जाईल हं बाबा. चालेल?"

"जाऊ दे पुसलं. कचराच आहे."

मी म्हणालो. मीच. तोंडातून निघाले तेव्हा मनात फक्त तो पत्तेवाला, तो हवामानवाला, तो पहारेकरी. तो फोनवर सांगत गेला, मी बटणे दाबत गेलो, शेवटी यंत्र पुन्हा उजळले. आवाज आला. सोबत सारे बिऱ्हाड परत आले, हसतमुख, नव्या कपड्यांत. बर्फ पडतोच आहे.

आणि अ.बाईच्या दोन्ही वेळच्या कविता गेल्या. विहिरीतल्या का होईना, होत्या. सबंध होत्या.

ती परवा नागपूरला निघते. आज काही लिहवत नाही.

९ नोव्हें.

सकाळी नव्याने चाचणी. माझाच आवाज घेतला, 'हॅलो, हॅलो'. विहीर! म्हणजे सगळे नवे करूनही तेच. अविला फोन. त्याने विचारले, "तुम्ही माईकपासून दूर बसता का?"

"माईक कुठे असतो?"

"स्क्रीनच्या वर, मधोमध. बारीक छिद्र आहे बघा."

चष्मा लावून पाहिले. छिद्रावर कुंकू. वाळून पापुद्रा झालेले, आत गेलेले.

सौ. स्वयंपाकघरातून आली. लक्ष्मीपूजनाला नवी वस्तू म्हणून लॅपटॉप केरसुणीशेजारी पाटावर ठेवला होता, ते मला ठाऊक. हळदकुंकू कुठे वाहिले, ते पाहिले नव्हते.

"बरोब्बर मधात भोक होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, कुंकवाचीच जागा करून ठेवली. कपाळ म्हनून लावलं. आता मले काय मालूम ते त्याचं तोंड हाय!"

जुन्या दात घासायच्या ब्रशने तिनेच हलक्या हाताने साफ केले. 'हॅलो' म्हणालो. लख्ख. माझ्या दातांची कवळी वाजते तीही ऐकू आली.

म्हणजे त्या बिऱ्हाडकरूंनी आवाज खाल्ला नव्हता. घंटा तेवढी त्यांची. तरी माझी घृणा तिळभर कमी होत नाही. ते नसते तर मी आधी यंत्राकडे पाहिले असते. त्यांच्या गोंगाटात मला दुसरे काही दिसलेच नाही. आणि त्यांना पुसण्याच्या नादात काय पुसले…

उद्या शेवटचा दिवस. सुधाकरला म्हटले, मला अ.बाईकडे सोडशील का. "चला ना काका, कायले विचारता."

१० नोव्हें.

तिच्या दारात गाठोडी बांधून तयार. मिलिंद आलेला. उंच, अबोल, आईच्या मागे मागे फिरतो आहे.

मी सगळे सांगून टाकले. कुंकवाचे, पुसल्याचे, दोन्ही गेल्याचे. वाटले होते रागावेल. कुंकवाचे ऐकून हसताना तिला ठसका लागला. "वैनीनं बराबर केलं. तोंड लय चालू झालं होतं त्याचं, बंद केलं."

मग लाल बटण दाबले. तिने तोंड उघडले. पहिल्या ओळीला हवा आली, आवाज आला नाही. पाणी प्याली. पुन्हा. कुजबुज. शब्द होते, पण चाल चढतच नव्हती. मिलिंद म्हणाला, "आई, राहू दे."

तिने हात करून त्याला गप्प केले. माझ्याकडे पाहिले. "तू म्हन."

"मला येत नाही. तुला माहीत आहे. गुरुजी मला मागच्या ओळीत…"

"म्हन म्हनतो ना. कुठं चुकते थे सांगतो."

म्हणालो. माझ्या या फाटक्या भोंग्यासारख्या आवाजात. ती कुजबुजत होती, "अं हं. खाली घे… तेथं थांबू नको… वर, अजून वर… आता सोड." एकेक ओळ पुन्हा पुन्हा. शेवटचे कडवे काही केल्या जमले नाही. तिथे एक वळण आहे, ओळ संपली असे वाटते आणि ती वरून परत येते. मी दरवेळी खाली पडतो. तिने सांगून सांगून पाहिले. मग डोळे मिटले आणि म्हणाली, "बस. मी आल्यावर."

घरी आल्यावर ऐकले. माझा आवाज किळसवाणा, ऐकवत नाही. त्याच्यामागून तिची कुजबुज मात्र स्वच्छ, प्रत्येक 'अं हं' आपल्या जागी. पहारेकऱ्याची घंटा एकदा आहे. असू दे. अविने सांगितल्याप्रमाणे दोन ठिकाणी साठवून ठेवले, एक पेन ड्राइव्हवर, तो सौ.च्या दागिन्यांच्या डबीत.

१२ नोव्हें.

ऑपरेशन काल झाले म्हणून मिलिंदने कळवले. गाठ काढली. बोलायला मनाई.

मी शहाण्यासारखा एकेकाला काढतो आहे. आधी अविला नाव वाचून दाखवतो, 'काढा' म्हणाला की काढतो. हवामानवाला गेला. पत्तेवाला गेला. प्रत्येकाच्या निरोपाला तोच लाचार चेहरा. ओंगळ.

शेवटचे कडवे म्हणत बसतो. सौ. म्हणते, "अवो, शेजारी ऐकून राह्यले."

१७ नोव्हें.

मिलिंदला फोन केला. पट्टी अजून आहे, आवाज फुटलेला नाही. डॉ. म्हणतात वाट पाहा. येईल किंवा नाही, दोन्ही म्हणतात.

"आईच्या कानाशी धर," म्हणालो.

"काका, थे बोलू नाई शकत."

"मला बोलायचं आहे."

धरला असावा. श्वास ऐकू आला, थोडा घरघरणारा. मी शेवटचे कडवे म्हटले. या आठवडाभरात मला जमले आहे अशी माझी समजूत होती. वळणावर वर गेलो, परत आलो. संपले.

मग मिलिंदचा आवाज. "काका, आई मान हलवून राह्यली."

"हो म्हणून का नाही म्हणून?"

त्याने वळून पाहिले असावे. "नाई म्हनून."

"कुठे चुकलं?"

"थे मले काय समजते काका? पन लय जोरात हलवून राह्यली. डॉक्टरनं मान हलवाले नाई सांगतली हाय!"

म्हटले, तिला म्हणावे, मान स्थिर ठेव, चुकलं की फक्त हात वर कर. धर पुन्हा फोन.

पहिल्यापासून सुरू केली.