माझ्यापुढे पाटी नव्हती

भाऊजी,

आज विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळानं तुमच्या दादांना निरोप दिला. जाणाऱ्या कुलगुरूंनी प्रत्येक सदस्याचं नाव घेऊन आभार मानायचे, अशी इथली रीत. यांनी एकही नाव चुकवलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र दिसत होतं, प्रत्येक नावाआधी यांची नजर त्या सदस्यापुढच्या नावाच्या पाटीकडे जात होती.

शेवटी माझ्याकडे वळले. माझ्यापुढे पाटी नव्हती. "आणि या बाई..." म्हणाले आणि थांबले. सगळे खो खो हसले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "वहिनी, आज घरी साहेबांची धडगत नाही!" मीही हसले.

मामंजींचं विसरणं असंच सुरू झालं होतं, आठवतं ना? उद्यापासून सेक्रेटरी नाही, पाट्या नाहीत. घरात आम्ही दोघंच. मला फार भीती वाटतेय. पण तुम्हीही मामंजींचेच चिरंजीव, तुमच्याही मनात हीच भीती घर करेल, म्हणून हे पत्र टाकायचा धीर होत नाही.

येताना एक कोरी पाटी पर्समध्ये घालून आणलीय. तिच्यावर माझं नाव लिहू, की 'तुमची बायको', तेच ठरत नाहीये.

तुमची घाबरलेली,
वहिनी