दाराजवळच्या जागेबाबत

प्रति,
मा. संचालक,
अक-बुलाक शिक्षणशास्त्र संस्था, इसिक-कूल

विषय : उपोल इशेनबेकोवा यांच्याविषयीचा माझा अभिप्राय मागे घेऊन त्यांना प्रत्यक्ष वर्गावर नेमणेबाबत.
संदर्भ : निवड समितीस दिलेला माझा गेल्या आठवड्यातील अभिप्राय.

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून बसावे, ही विनंती. एक हकिकत सांगायची आहे. ती ऐकल्याखेरीज मागणी कळायची नाही.

१. अपंग मुलांनी सर्वांसोबत शिकावे, या एका विषयावर माझी सारी नोकरी झाली. चाकाच्या खुर्चीतून शाळेत येणारी उपोल ही माझ्या संशोधनातली पहिली मुलगी. आज ती अध्यापक होण्यास पात्र आहे. "पात्र आहे, परंतु वर्ग वरच्या मजल्यावर असल्याने तिच्या सोयीसाठी घरूनच काम द्यावे," असे मी लिहिले. त्यावर सोमवारी आपली सही होणार असल्याचे समजते.

२. काल शनिवारी माझ्या ग्रंथानिमित्त घरी मेजवानी झाली. दारासमोरच्या सर्वांत आतल्या मानाच्या जागी, तोरवर, आपण स्वतः होतात. उपोलला मी दाराजवळ बसवले, खुर्ची हलवायला बरे पडते म्हणून. मोल्दोंनी, म्हणजे आपल्या मौलवींनी, गाऊन उपदेश केला, की पाहुणा देवाने धाडलेला असतो. असे सुरातले उपदेश मला फार प्रिय. मी डोळे मिटून डोलत होते. डोळे उघडले तेव्हा उपोल मांडीवर सगळ्यांचे कोट घेऊन बसली होती.

"अगं, हे कुणी दिले तुला?"

"दाराशी बसलेल्याकडे देतातच की, एजे." थोरली बहीण म्हणून ती मला एजे म्हणते. "पुस्तकात मी पहिल्या पानावर, आणि घरात बुटांपाशी होय?"

"तुझ्या सोयीसाठीच गं."

"माझी सोय तुम्हाला नेहमी दाराशीच कशी सापडते? चौघांनी उचलून आत नेलं असतं. पण मला विचारलंत कुठे?"

मी चहाचे निमित्त काढून उठले. रात्रीच्या आणि आज पहाटेच्या नमाजात लक्ष लागले नाही.

३. आणखी लाजिरवाणे म्हणजे, आपले समावेशक शिक्षण केंद्र वरच्या मजल्यावर आहे, कारण तिथून सरोवर चांगले दिसते. भिंतीवर उपोलचे छायाचित्र आहे. उपोलने ते पाहिलेले नाही. भोजनगृह सोडता तळमजल्यावरची एकुलती प्रशस्त खोली माझी आहे. गुडघे दुखतात, असा साधा अर्ज मी केला होता आणि तो लगेच मंजूर झाला.

४. सबब, माझा अभिप्राय रद्द समजावा. उपोलचे वर्ग माझ्या खोलीत भरवावेत. केंद्र खाली, अध्यापकांच्या भोजनगृहात आणावे. मंडळी वर जेवायला कुरकुरतील. त्यांचा चहाचा सामोवार मी स्वतः जिना चढून नेईन. हे शक्य नसल्यास माझ्या दारावरच्या पाटीवरून 'समावेशक' हा शब्द तरी खरवडून काढावा.

सही करण्यापूर्वी एकवार आपल्या तोरवरून दारापर्यंत नजर टाकावी, आणि तिथे कोट सांभाळत बसलेल्या उपोलची आठवण ठेवावी.

आपली नम्र,
झिपारा असानोवा
रविवार, सकाळ

सोबत : तळमजल्यावरील खोलीची किल्ली.