फोटोतल्यासारखा चेहरा

तीर्थरूप आबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं. व्हिसाचे नियम बदलल्यापासून आम्हा सगळ्यांना इथेच ठेवलंय, बाहेर जाता येत नाही, एवढंच. आईला मात्र हॉस्टेल आहे असंच सांगा.

आपला केस कापायचा धंदा इथेही सुटलेला नाही. कात्री देत नाहीत, पण पहारेकऱ्यासमोर मशीन चालवू देतात. तोही तुमच्यासारखाच शेजारी उभा राहून चुका काढतो.

काल एका सुताराची दाढी केली. त्याला आज मायदेशी परत पाठवणार होते.

"गुळगुळीत कर," तो म्हणाला. "लेक मला फोटोवरूनच ओळखते."

मी जपून हात चालवला. त्याने आरशात पाहिलं, आत गेलेल्या गालांवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "हा तो माणूस नाही रे."

मी त्याच्या खांद्यावरचे केस झटकत राहिलो. सकाळी त्याला घेऊन गेले.

तुमचा गुडघा कसा आहे? छकुलीला माझा फोटो दाखवता ना? दाखवताना सांगत जा, बाबा आता जरा बारीक झालाय.

तुमच्या आशीर्वादावर असलेला,
धाकटा