आत्याला खोकल्याने मारल्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकून केला असं समज.) तुझे गुडघे आणि भावजींचा स्वभाव, दोन्ही हल्ली जरा नरमले असतील अशी आशा आहे.

इकडे आपली आत्या माझ्याकडे राहायला आली आहे, आणि ते माझ्या कथेमुळे. मागच्या अंकात छापून आलेल्या कथेत मी एका आत्याला मारलं. मनात वाईट काही नव्हतं. पुढे तिचं काय करावं ते सुचेना, म्हणून खोकला लावून दिला आणि उरकलं. (आम्ही लेखक मंडळी अडलो की असं कोणाला तरी मारतो.) नाव बदललं होतं, पण भिवईवरचा तीळ बदलायचा राहिला. झालं, बॅग घेऊन, मासिक काखेत मारून ती दारात हजर. माझ्या लिहायच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली की मारलंस त्याचं काही नाही, पण खोकल्याने? मी तुम्हाला एवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यात कोणी कधी खोकल्याने गेलं होतं का?

आठवतं ना? तुझी वेणी घालताना ती गोष्ट सांगायची आणि वेणी संपली की गोष्टही थांबायची, नेमका राजपुत्र विहिरीत लोंबकळत असताना. मग तू हळूच रिबीन ओढून वेणी सोडून टाकायचीस. शाळेला रोज उशीर. मी दारात उभा, एक बूट पायात, एक हातात. लिहिण्याचं जे काही मला येतं ते त्या दारातच शिकलो, पण तेव्हा वाटायचं की आपण फक्त तुझी वाट बघतोय.

आता ती माझ्या मागे उभी राहून वाचते. मी संध्याकाळच्या उजेडाचं वर्णन करत असलो की विचारते, यात माणूस कधी येणार? संपादकांचा फोनही तिनेच घेतला आणि कळवलं की बाई जिवंत आहेत. त्यांनी हसत हसत पुढचा भाग मागितला.

परवा वैतागून विचारलं, तुला नेमकं खुपलंय तरी काय? ती जरा वेळ मासिकाची पानं चाळत राहिली. मग म्हणाली, "त्यात मी गेल्यावर कोणी रडलंच नाही रे. चहा घेऊन सगळे आपापल्या कामाला लागले."

मी लगेच बसलो आणि नवा प्रसंग लिहिला. सगळं घर रडतंय, त्यात तूही, चांगली ओक्साबोक्शी. तिने वाचला, डोळे पुसले आणि निम्मं रडणं कापायला लावलं. तुझं तर पूर्णच. म्हणाली, "ती अशी रडत नाही. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडते."

तर मागणं एवढंच, की तुझी मागची खोली रिकामीच आहे, येऊन हिला घेऊन जा. मला पोटासाठी लिहायचं असतं.

तुझा (आत्याच्या मते अजून शिकाऊ)
धाकटा

ता. क. हे पत्र तिने वाचलं. म्हणते, मधे रेंगाळलंय आणि शेवट खोटा आहे.

पुन्हा ता. क. शेवट खरंच खोटा आहे. तिला न्यायला येऊ नकोस. नुसती ये.