दहाव्या दिवशीचं नाव

थेओग्नेतोस काकांना,

बाळाला तुमचं नाव द्यायचं आमचं ठरलंय, असं मी परवा म्हणाले. ते खरं नव्हतं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, असं तुम्हीच ठरवलंत. मी सून म्हणून मान डोलावली.

माझे वडील तुमचे सख्खे भाऊ आणि आरमाराचे सेनापती. वादळात बुडणारे खलाशी सोडून ते पळाले, अशी साक्ष तुम्ही सभेत दिलीत. शिक्षा म्हणून त्यांना विष प्यावं लागलं. देवळात त्यांनी वाहिलेल्या ढालीवरचं नावसुद्धा तुम्ही घासून काढवलंत. त्याच नावावर बोट फिरवून ते मला अक्षरं शिकवायचे.

खलाशांना वाचवायचा हुकूम तुम्हाला होता आणि तुमचं जहाज बंदरात उभं होतं. हे मला फिलाग्रोसने सांगितलं; आपल्यात भाऊ नसलेल्या मुलीचं लग्न चुलत्याच्या मुलाशी लावतात, म्हणून तो माझा नवरा. तुमचा मुलगा त्याच जहाजावर वल्ह्याशी होता.

काल मी त्याला विचारलं, "काकांसमोर जीभ वळेल तुझी?"

"पंगतीत त्यांच्या तोंडात ऑक्टोपसचा घास असताना पुकारतो नाव. ओरडता यायचं नाही."

"मागाहून बदलतील ते."

"कसे बदलतील? पाहुणे साक्षीला असतात गं. आता जन्मभर नातवाला त्याच नावाने हाक मारू देत."

हे पत्र मी चुलीत घालणार आहे. आधी कळलं तर तुम्ही आजाराचं सोंग घेऊन यायचं टाळाल, आणि मला तुम्ही समोर बसलेले हवे आहात. मुलगा झाल्याचा ऑलिव्हचा हार दारावर लागून आज आठवा दिवस. परवा, दहाव्या दिवशी संध्याकाळी, पंगत बसली की तुमचा नातू नाऊसिक्रातीस होईल.

तुमची सून, पण आधी नाऊसिक्रातीसची मुलगी,
क्लेओबुली