अंडं बुडतं की तरंगतं

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसरीचा 'बुडतं की तरंगतं' उपक्रम उरकला एकदाचा! टब, बूच, चमचा, खडू, पिंपळाचं पान, अंडं. अंडं डेल्फिनबाईंच्या घरच्या कोंबडीचं. तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे. सांडोरहून रोज काही ना काही पिशवीतून आणतात. आधी अंदाज सांगायचा, मग वस्तू पाण्यात सोडायची, मग मी नोंद करायची. छत्तीस मुलं, आणि फरशीवर चिखल नुसता.

अंडं बुडेल, असं सगळे म्हणाले. एकटी खुशी म्हणाली, "तरंल." एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर!

"कुठे पाहिलंस तू?"

"आगरान."

"आग्र्याला कधी जाऊन आलीस गं? ताजमहाल पाहिलास का?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग तिच्याच हाताने अंडं सोडायला लावलं. थेट तळाशी. तरी पुटपुटलीच, "तरतं, बाई."

मी म्हटलं, "समोर दिसतंय ना? मग आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा."

४ फेब्रुवारी

नोंदवही भरली. पाठ दुखते आहे. खुशीपुढे लिहिलं — 'निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाही. मदतीची गरज.' म्हणजे आता दुपारी वेगळं बसून पहिलीची उजळणी. वाईट वाटलं. पण जे दिसलं ते लिहिलं, माझा काय इलाज?

६ फेब्रुवारी

खुशी दोन दिवस गैरहजर. ताप असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप नाही.

मधल्या सुट्टीत तिचे आजोबा आले. आत्माराम. पायांना ह्या एवढाल्या भेगा! बाकावर बसा म्हटलं तर बसेनात. "बाई, पोर शालंन यायला नाय बोलते. पोरा तिला ताजमहाल बोलतान."

हे नाव कोणी पाडलं, ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. भित्री कुठली!

मी चाचरत म्हटलं, ती आग्र्याचं काहीतरी बोलली होती... डेल्फिनबाई दारातच उभ्या होत्या. "अहो बाई, आगर म्हणजे मिठागर! सोलापूरहून येऊन आठ महिने झाले तुम्हाला!"

आजोबा हसले नाहीत. समजावून सांगत राहिले, जणू मीच दुसरीत आहे. "खाडीचा पानी उनान आटतं. मंग आमी अंडा टाकून बगताव. तरला का समजाचा, पानी मिठाला आला. दोन वरसां हीच टाकते अंडा. कवा चुकली नाय."

दोन वर्षं ही पोर निरीक्षणच करत होती! आणि मी तिला नळाच्या पाण्यात खोटी पाडली, सगळ्यांसमोर. वर वहीत लिहूनही ठेवलं. लाज वाटली. अजून वाटते आहे. जेवण गेलं नाही.

नोंद खोडली. दुपारच्या उजळणीच्या यादीतून नाव काढलं. आजोबांना म्हटलं, सोमवारी तिला पाठवाच, मी हात जोडते.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन किलो खडे मीठ आणलं. घरी बादलीत करून पाहिलं. तरलं! ह्यांना हाक मारून दाखवलं. हे म्हणाले, "अंडं वाया घालवू नकोस." ह्यांना काय सांगायचं!

उद्या तिचा चेहरा बघायचाय. एवढंच हवंय मला.

१० फेब्रुवारी, सोमवार

खुशी आली. सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, चूक बाईंची होती. टबात मीठ ढवळलं. अंडं तिनेच सोडलं. वर आलं, डुलत राहिलं. मुलांनी टाळ्या पिटल्या.

"सांग खुशी, काय झालं?"

टबाकडे बघेचना. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, बाईंना काय हवंय ते शोधत.

"बुडला, बाई."