नमुना नंबर एकशे बारा

॥ श्री ॥

सांगली,
१२ ऑगस्ट १९९८

राजेश्वरीच्या बाबांना नमस्कार.

इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. कृष्णेचं पाणी चढलं होतं, उतरलं. तुमच्या आईंचे गुडघे तसेच. राजेश्वरी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. विषय केमिस्ट्रीच घेतलाय. मी नको म्हणत होते.

तुमचं पत्र मिळालं. जपानला गेल्यापासून दहा महिन्यांतलं पहिलं. आईंची चौकशी अर्ध्या ओळीत, बाकी सगळं प्रयोगांच्या वहीबद्दल. एकशे बारा नंबरच्या नमुन्यासारखी काजळी तिकडे एकदाही निघत नाही, डिसेंबरपर्यंत निघाली नाही तर तिथले सर परत पाठवतील, वही रजिस्टरनं पाठव, तुझ्याकडून काही लिहायचं राहिलं असेल.

माझ्याकडून काही राहिलेलं नाही. तीन वर्षं कापूर किती, किती मिनिटं जळला, काजळी किती निघाली, सगळं माझ्या अक्षरात आहे. तुम्ही कॉलेजात, आणि मी स्वयंपाकघरात कापराच्या ज्योतीवर ताम्हन पालथं धरून बसलेली. बाळाच्या डोळ्यांत घालायला काजळ धरतात, तशी. तुम्हाला त्यात कार्बनचे चेंडू हवे होते, साठ कणांचे, फुटबॉलसारखे. माझे नुसते डोळे चुरचुरायचे. आई म्हणायच्या, "अंजे, नाव त्येचं हुणार आन् तोंड तुझं काळं व्हय गं?" आम्ही दोघी हसायचो.

ताम्हन देवाचं होतं, माझ्या माहेरचं, तांब्याचं. परत मागितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "देवाला स्टीलची ताटली चालती की. देव काय केमिस्ट्री शिकलाय?" मी देव स्टीलच्या ताटलीत मांडले.

एकशे बारामध्ये चेंडू नव्हते. पोकळ नळ्या होत्या, केसाहून हजारो पट बारीक. तुम्ही पेढे आणलेत. त्या नळ्यांवर लेख छापला, त्या लेखावर जपान. लेखाची एक प्रत इथं कपाटात आहे. जूनमध्ये राजेश्वरी मला त्याचा अर्थ सांगत होती. शेवटी आभार होते. गाईडचे, कॉलेजचे, टायपिस्टचे. मग ती थांबली.

"आई, घरकामाच्या बाईचेपण आभार मानलेत. आपल्याकडं कोण बाई होती गं?"

"असंल कुणीतरी," मी म्हटलं. ती कॉलेजला गेल्यावर ती ओळ मी स्वतः वाचली. मॅट्रिकचं इंग्रजी तेवढ्याला पुरलं.

आता एकशे बाराचं. तो महाशिवरात्रीचा आहे. तुम्ही पेपर तपासायला वडूजला गेला होता. त्या दिवशी मी ताम्हन चिंचेनं घासलं, पिंड त्यात ठेवली आणि अभिषेक केला. ज्योतीवर धरला तो माळ्यावरचा लोखंडी तवा, गंज चढलेला. वहीत मात्र सवयीनं "ताम्हन" लिहिलं.

सवयीनं नाही. तुम्ही बोलाल म्हणून लिहिलं. अख्ख्या वहीत तेवढीच एक ओळ खोटी, आणि नेमकी तीच तुमच्या लेखात छापून आली.

तुमचं पत्र चार जुलैला आलं. वाचता वाचताच मला तवा आठवला होता. सव्वा महिना मी उत्तर दिलं नाही. तुम्ही तिकडे तांब्याचे पत्रे बदलत असाल, ज्योत कमी-जास्त करत असाल, असं डोळ्यांपुढं यायचं, आणि देवाशपथ सांगते, बरं वाटायचं. फक्त सकाळी पूजेला बसले की ताम्हनाकडं बघवत नव्हतं.

लोखंडानं नळ्या येतात का, मला काय कळणार. करून बघा. आल्या तर लेखाची दुरुस्ती छापावी लागते, असं राजेश्वरी सांगते. लोक हसतील. चूक कोणाची, तेही लिहावं लागेल. तर घरकामाच्या बाईची चूक, असं लिहू नका. आता आभार नकोत. चूक माझी आहे, तिच्यापुढं माझं नाव घाला.

वही देणार नाही, ती माझी आहे. तवा पार्सलनं पाठवला आहे. घासू नका.

नाव असं छापायचं:

अंजना जालिंदर घार्गे
मॅट्रिक
सांगली